प्रवासाची शिदोरी : पाकटांच्या भेटीचा विसार देण्यापूर्वी



मुलगा किंवा जावई परदेशी स्थायिक झाला, की आईवडिलांना एकदा तरी क्रूझवर नेण्याचा बेत ठरतोच. आणि तो ठरला, की या सदराकडे एक प्रश्न हमखास येतो. जहाज ज्या बंदरावर दिवसभर थांबते, तेथील सहल जहाजाकडूनच घ्यावी, की तिकडच्या बोटवाल्याशी परस्पर ठरवावी? आजवर मी या प्रश्नाला मोघम उत्तर देत आले. गेल्या डिसेंबरात तो आमच्याच घरात उभा राहिला, म्हणून आता थोडे ठामपणे लिहिते.

आमचे जहाज टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन बंदरातून निघाले होते. आम्ही सात जण : सासूबाई, मी व यजमान, मुलगी, जावईबापू आणि दोन नातवंडे. सात रात्रींच्या फेरीत एक दिवस ग्रँड केमन बेटाचा होता. केमन म्हटले, की आपल्या व्यापारी वाचकांना प्रथम तेथील बँका आठवतील, आणि आयकर नसलेला मुलूख म्हणून त्याचे नाव वृत्तपत्रांतून कानी पडलेले असेल. परंतु जहाजातून उतरणाऱ्या माणसांपैकी फार मोठा भाग तेथे जातो तो पाकटे पाहण्यासाठी. कोकण किनाऱ्यावर ज्याला पाकट म्हणतात, तोच हा चपटा, पंखांसारख्या कडा हलवीत पोहणारा, चाबकासारख्या शेपटीचा मासा. इंग्रजीत त्याला स्टिंगरे म्हणतात.

बेटाच्या उत्तरेस नॉर्थ साउंड नावाचा विस्तीर्ण, उथळ उपसागर आहे. समुद्राच्या बाजूने प्रवाळाची भिंत असल्यामुळे मोठ्या लाटा आत येत नाहीत. पूर्वी मासेमार दिवसाची मासळी साफ करण्यासाठी या शांत पाण्यात येत आणि नको तो भाग तेथेच टाकीत. त्या वासाने पाकटे जमू लागली. इंजिनाचा आवाज म्हणजे अन्न, ही खूणगाठ त्यांनी बांधली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाणबुड्यांनी त्यांना हाताने भरविण्यास आरंभ केला आणि काही वर्षांतच त्या जागेची ‘स्टिंगरे सिटी’ झाली. आज तेथील वाळूच्या पट्ट्यावर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून माणसे त्यांना स्पर्श करतात.

जहाजाचा या सहलीचा माणशी दर पाहून जावईबापूंनी भुवया उंचावल्या. तीच वाळू, तीच पाकटे, शिवाय प्रवाळावर स्नॉर्केलिंग, आणि बेटावरील बोटवाल्याकडे तेच जहाजाच्या दराच्या साठ टक्क्यांत! त्यांनी आरक्षणाचे पान उघडलेही होते. तेव्हा आमच्या यजमानांनी त्यांना थांबविले. यजमानांचा अडतीचा धंदा. ते म्हणाले, “अडत म्हणजे नुसती दलाली नव्हे. खरेदीदार बुडाला, तरी शेतकऱ्याची पट्टी आम्हाला चुकती करावी लागते. इतके जास्त घेऊन जहाज कशाची हमी घेते, ते आधी वाचा.”

त्या संध्याकाळी आम्ही खरोखरच अटींचे कागद वाचले. वाचकांनीही वाचावेत, कारण सगळा प्रश्न तेथेच आहे.

पहिली हमी परतीची. जहाजाने विकलेली सहल उशिरा परतली, तर जहाज तिच्यासाठी थांबते किंवा त्या प्रवाशांना पुढे पोहोचविण्याची व्यवस्था करते. परस्पर गेलेल्या माणसासाठी ते थांबत नाही. धक्क्यावर उभे राहून दूर जाणारे जहाज पाहण्याची वेळ आली, तर पुढील बंदर आपल्या खर्चाने विमानाने गाठावे लागते. आमचे पुढील बंदर मेक्सिकोतील कोझुमेल होते. अशा वेळी आपल्या पासपोर्टावर त्या देशात विमानाने उतरता येते का, हे घरून निघण्यापूर्वीच पाहिलेले बरे. पासपोर्ट जहाजाच्या तिजोरीत ठेवून बेटावर जाणे म्हणजे वहीखाते दुकानात विसरून वसुलीला निघण्यासारखे आहे. जहाजाच्या रोजच्या पत्रकात बंदरातील प्रतिनिधीचा दूरध्वनी छापलेला असतो, त्याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे.

दुसरी हमी हवामानाची. ग्रँड केमनला मोठी जहाजे लागतील असा धक्का नाही. तो बांधावा का, यावर एप्रिल २०२५ मध्ये तेथे सार्वमत झाले आणि मतदारांनी नकार दिला. त्यामुळे जहाज जॉर्ज टाउनसमोर समुद्रात उभे राहते आणि माणसे ‘टेंडर’ने किनाऱ्यास नेतात. आपल्या घरांत टेंडर म्हणजे निविदा. येथे तो लहान होड्यांना दिलेला शब्द आहे. हिवाळ्यात वायव्येचे जोरदार वारे सुटले, की या पश्चिम किनाऱ्यावर होड्या लावता येत नाहीत. मग कधी दक्षिणेकडील स्पॉट्स येथे माणसे उतरवितात, तर कधी तो थांबाच रद्द होतो. जहाजाची सहल असल्यास पैसे आपोआप परत जमा होतात. परस्पर सहल असल्यास बोटवाल्याच्या अटींत काय लिहिले आहे, यावर सारे अवलंबून. “जहाज बंदरात आले नाही, तर पूर्ण रक्कम परत” हे वाक्य लेखी मिळाल्याविना विसार देऊ नये. तोंडी आश्वासनावर माल पाठविण्याचे दिवस आपल्या बाजारपेठेतूनही गेले आहेत.

चलनाचेही पाहून घ्यावे. केमन डॉलर अमेरिकी डॉलरपेक्षा भारी आहे : १ केमन डॉलर म्हणजे १.२० अमेरिकी डॉलर, असा दर बांधलेला आहे. दुकानांतून तर १ अमेरिकी डॉलरला ८० केमन सेंटच धरतात. दोन्हींच्या नावात डॉलरच असल्यामुळे स्वस्त वाटलेला भाव प्रत्यक्षात पाव पटीने महाग निघू शकतो.

आता घड्याळाविषयी, कारण नुकसान बहुधा येथेच होते. केमनचे घड्याळ वर्षभर एकच असते, उन्हाळ्या-हिवाळ्यात बदलत नाही. जहाजाचे घड्याळ मात्र पुष्कळदा निघालेल्या बंदराचेच ठेवतात. आम्ही डिसेंबरात टेक्सासहून निघालो, म्हणजे जहाजात सकाळचे साडेआठ झाले, की बेटावर साडेनऊ. बोटवाल्याने कळविलेली साडेनऊची वेळ अर्थातच बेटाची होती. आमच्या भोजनाच्या टेबलाशेजारी बसणारे एक जोडपे जहाजाच्या साडेनऊला किनाऱ्यावर पोहोचले. त्यांची बोट तासापूर्वी निघून गेली होती आणि वेळेवर न आल्यास परतावा नाही ही अट त्यांनी स्वतःच मान्य केलेली होती. मायामीहून उन्हाळ्यात येणाऱ्यांची गोष्ट नेमकी उलट. त्यांचे जहाज बेटाच्या एक तास पुढे असते. मोबाइल बेटाचे तीन दाखवितो, त्या वेळी जहाजात चार वाजलेले असतात आणि शेवटची होडी सुटून गेलेली असते. एक साधे मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ते दिवसभर बदलू नये, याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

टेंडरच्या रांगेतही जहाजाच्या सहलीवाल्यांना आधी सोडतात. इतरांना क्रमांकाची चिठ्ठी घेऊन बसावे लागते. तेव्हा पहिल्याच फेरीची बोट परस्पर ठरवू नये. उतरण्याच्या जागाही किनाऱ्यालगत एकाहून अधिक आहेत. आपली होडी कोणत्या जागी लागेल हे आधी ठाऊक नसते, म्हणून बोटवाल्याचा माणूस नेमका कोठे उभा राहील, हे विचारून ठेवावे.

हे सर्व आमच्या मुलीने टिपून घेतले. बोटवाल्याला पाठवावयाचे पत्र तयार झाले. ते वाचून दाखवीत असता सासूबाईंनी मध्येच विचारले, “त्या माशांना खायला काय घालतात ग?”

कोणी काही बोलले नाही. आम्ही दर, वेळ, परतावा, चलन सारे पाहिले होते. हे कोणी पाहिले नव्हते.

मुलीने तो प्रश्न पत्राच्या शेवटी घातला आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आले. त्या अनोळखी माणसाच्या प्रामाणिकपणाचे मला आजही कौतुक वाटते. त्याने लिहिले, की स्क्विडचे तुकडे घालतात. (स्क्विड म्हणजे कोकणातील माकूळ.) प्रवाशाने स्वतः भरविलेच पाहिजे असे नाही. पूर्ण बोट ठरविली, तर आमच्या बोटीवर स्क्विडची बादली तो आणणारच नाही. परंतु पाकटे तेथे येतात ती इतर बोटींवरून मिळणाऱ्या तुकड्यांसाठीच, हे त्याने स्पष्ट लिहिले होते.

त्या रात्री घरात जी चर्चा झाली, ती पर्युषणातल्या प्रवचनानंतर होते तशी होती. जावईबापूंचे म्हणणे असे, की पाकटाला कोणी मारीत नाही. उलट पर्यटकांमुळेच ती जिवंत अधिक मोलाची ठरली आणि केमनच्या कायद्याने त्यांना संरक्षण दिले. वाळूच्या त्या पट्ट्याला राखीव क्षेत्राचे नियम आहेत : बोटींची व माणसांची संख्या मर्यादित, परवाना आवश्यक, पायांत काही घालावयाचे नाही, पाकटाला पाण्याबाहेर उचलावयाचे नाही, मान्य खाद्याखेरीज काही द्यावयाचे नाही. हे सर्व खरे आहे. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “पाकट वाचते, हे चांगले. माकुळाचे काय? करणे, करविणे आणि अनुमोदन देणे, तिन्ही आपल्याच खात्यावर पडतात. मी तुकडा हातात धरला नाही, तरी माझ्या पैशाने बोट तेथेच जाणार ना?” यावर कोणापाशी उत्तर नव्हते. नातवंडांचे चेहरे उतरले. अखेरीस यजमानांनी तोड काढली : पूर्ण बोट ठरवावी, बादली नको, वाळूच्या पट्ट्यावर थोडाच वेळ थांबावे आणि उरलेला सर्व वेळ प्रवाळावर द्यावा. सासूबाईंनी एवढेच सांगितले, की मी येईन, पण पट्ट्यावर पाण्यात उतरणार नाही.

पूर्ण बोटीचा दर सात जणांत वाटला, तेव्हा तो जहाजाच्या दराइतकाच झाला. चाळीस टक्के वाचविण्यासाठी आरंभलेला व्यवहार असा बरोबरीत सुटला. जावईबापू हसले, पण त्यांनीच विसार भरला.

जहाजाच्या सहलीत हा पर्याय नव्हता. तेथे मोठ्या बोटीत बादली सर्वांची असते आणि आपल्यापुरती ती नको म्हणता येत नाही. परस्पर ठरविण्यात जोखीम आपली असते, तशी निवडही आपली असते.

सहलीच्या दिवशी वारा नव्हता. बेटाच्या घड्याळाने सव्वानऊला आम्ही किनाऱ्यास लागलो. तेथून गाडीने अर्ध्या तासात बोटीच्या धक्क्यावर आणि मग उपसागरातून वाळूच्या पट्ट्याकडे निघालो. बोटीला छप्पर व धरण्यास कठडा असलेली शिडी होती. वडीलधाऱ्यांना नेणार असाल, तर या दोन गोष्टी आणि बोटीवर शौचालय आहे की नाही, हे पत्रातच विचारावे.

पाण्यात उतरण्यापूर्वी नावाड्याने पाय उचलून टाकू नका, वाळूतून घासत सरकवा, असे बजावले. पाकटाच्या शेपटीवर विषारी काटा असतो. ते स्वतःहून अंगावर येत नाही, पण त्याच्यावर पाय पडला तर स्वरक्षणार्थ काटा मारते. २००६ साली ऑस्ट्रेलियात स्टीव्ह अर्विन या प्रसिद्ध प्राणीतज्ज्ञाचा मृत्यू पाकटाच्या काट्यानेच झाला. ती जात निराळी होती आणि काटा छातीत गेला होता. केमनच्या पट्ट्यावर पाकटे माणसांना इतकी सरावली आहेत, की असे प्रसंग क्वचितच येतात. तरी काटा लागलाच, तर तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा आणि डॉक्टरांकडे जावे.

मी उतरले, हे लपवीत नाही. दीड मीटरपर्यंत रुंदीची मादी (नर पुष्कळ लहान असतो) पायांजवळून गेली, तेव्हा तिची पाठ ओल्या मखमलीसारखी लागली. पाकटाचे डोळे वर आणि तोंड खाली पोटाकडे. समोर धरलेले अन्न त्याला दिसत नाही, ते गंधाने शोधते. आसपास सात-आठ बोटी होत्या. कोणी पाकटाचे चुंबन घेऊन छायाचित्र काढीत होते, त्याने सात वर्षे भाग्य लाभते अशी तेथील समजूत आहे. आमच्याभोवतीही तीन-चार पाकटे आली, रिकाम्या मुठींवर तोंड दाबून पाहू लागली, गेली, पुन्हा आली. धाकटी नात म्हणाली, “आजी, तिला वाटतंय आपण देणार आहोत.” दुकान उघडे ठेवून गिऱ्हाइकाला माल नाही म्हणावे, तसे झाले मला. वर बोटीत सासूबाई माळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी काही म्हटले नाही. वीस मिनिटे ठरली होती, आम्ही दहातच वर आलो.

परतल्यावर या विषयावरचे थोडे वाचले. २०१३ साली ‘प्लॉस वन’ या शास्त्रीय नियतकालिकात केमनच्या पाकटांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रानटी स्थितीत ही पाकटे रात्री फिरतात, दूरवर हिंडून अन्न शोधतात आणि एकमेकांपासून बरीच अंतर ठेवून राहतात. पट्ट्यावरची मात्र दिवसा जागतात, थोड्याच जागेत राहतात, दाटीने वावरतात. त्याआधीच्या अभ्यासांत पट्ट्यावरील पाकटांच्या अंगावर जखमा व परोपजीवी अधिक आढळले होते, आणि स्क्विड हे त्यांचे तेथील स्वाभाविक अन्नच नव्हे, हेही दिसून आले होते. म्हणजे जावईबापूंचे म्हणणे खरे होते आणि अपुरेही होते. पुन्हा जाण्याचा योग आला, तर मी तो पट्टा वगळून फक्त प्रवाळाची बोट ठरवीन. लहान बोटवाले असे करून देतात, फक्त आरक्षणापूर्वी सांगावे लागते.

कारण प्रवाळाची बाग खरोखर पाहण्यासारखी आहे. कोरल गार्डन्स म्हणून जी जागा आहे, ती भिंतीच्या आत, उथळ आणि शांत. पोहता न येणाऱ्यालाही जाकीट घालून पाण्यावर तरंगत, डोळ्यांवर काचेचा मुखवटा आणि तोंडात नळी धरून खाली पाहता येते. यजमानांना मुखवट्याने त्रास दिला. मिशा असल्या, की कडेने पाणी शिरते, मग नाकाखाली थोडे व्हॅसलीन लावावे लागते. मी नळीने श्वास घ्यायला पाच मिनिटे शिडीपाशीच धरून शिकले. मुलांच्या मापाची जाकिटे व मुखवटे आहेत ना, हे विचारलेले असावे. स्त्रियांनी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घ्यावा, पाठीचे उन्हापासूनही रक्षण होते. निळे, पिवळ्या पट्ट्यांचे, पोपटाच्या चोचीसारख्या तोंडाचे मासे अगदी हाताजवळून जातात आणि त्यांना आपल्याकडून काहीच नको असते. एकच पथ्य : दमलो तरी प्रवाळावर पाय टेकू नये. तो दगड दिसतो, पण असंख्य सूक्ष्म जीवांनी बांधलेले ते घर आहे. शेवटचा थांबा स्टारफिश पॉइंटचा. तेथे पाण्यात पडलेले तारामासे वाकून पाहावेत. उचलून पाण्याबाहेर धरल्यास त्यांना इजा होते. नातवाने दोन्ही हात पाठीमागे बांधून ते पाहिले. बोटीवर मिळणाऱ्या खाण्यावर अवलंबून राहू नका. आम्ही बंद पाकिटातले खाखरे व भाजलेले चणे नेले होते. ताजी फळे व शिजविलेले अन्न जहाजातून किनाऱ्यावर नेण्यास सहसा मनाई असते.

बेटाच्या दोन वाजता आम्ही परतीच्या टेंडरच्या रांगेत होतो, म्हणजे जहाजाचा एक. शेवटच्या होडीस अडीच तास अवकाश होता. मला तर परस्पर सहलीत दोन तासांचाही अवकाश कमी वाटतो.

रांगेत उभे असताना मुलीला आठवले. सासूबाईंचा चौविहार. जहाजावर जैन भोजन आधीच सांगून ठेवलेले होते आणि आमची पंगत साडेपाचची होती. मोबाइलवर त्या दिवसाचा सूर्यास्त सहाच्या जरा आधी दाखविला होता, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पण ते सहा बेटाचे होते. जहाजाच्या घड्याळाने सूर्य पाचच्या आतच मावळणार होता. जहाजावर पोहोचताच जावईबापू ओल्या कपड्यांनीच भोजनगृहाच्या मुख्य सेवकाकडे गेले. तो गृहस्थ मूळचा गोव्याचा निघाला. चार वाजता त्याने सासूबाईंसाठी कांदा-लसूण-बटाट्याविना डाळ, भात आणि दोन गरम फुलके स्वतः आणून वाढले, आणि पाणी पिऊन त्यांनी पच्चक्खाण घेतले, तेव्हा खिडकीबाहेर ऊन अजून उरले होते.